हिरामणचा कॅमेरा आणि थाळीचा आवाज

हिरामण आमच्याकडे कामाला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आणि कॅमेऱ्यातलं माझ्या यजमानांपेक्षा त्याला जास्त कळत होतं. तेव्हा घरात हे बोलायची सोय नव्हती.

पंचवटीत पेठ नाक्याजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, हळद, साखरपुडा, बारसं, सगळ्याचं शूटिंग आम्ही घेतो. माझे यजमान शेखर बाहेरचं बघतात, मी दुकानात बसते. सकाळी कार्डं रिकामी करणं, फाइली कॉम्प्युटरवर उतरवून घेणं, नावं घालणं, हे काम पहिल्यापासून माझं. नाक्यावर थंडीत पेठकडच्या जीपा येतात, त्यांतून द्राक्षांच्या कामाला आलेली माणसं उतरतात. हिरामणचे आईवडीलही दर साली त्याच जीपांतून उतरायचे. हिरामण मात्र आश्रमशाळेत बारावी झालेला, लग्नांत लाइट धरता धरता कॅमेरा शिकलेला. त्याने येऊन सरळ विचारलं, "शेखरभाऊ, शूटिंगला माणूस पाहिजे का?" शेखर म्हणाले, "सामान उचलायला पाहिजे." तो म्हणाला, "उचलतो की. उचलता उचलता शूटिंगपण करतो."

वर्षभरात त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला. जुना, दोन हात फिरलेला, पट्ट्याचं रबर निघालेला. आमच्याकडच्या मोठ्या कॅमेऱ्यांपुढे ते खेळणंच. पण हिरामणने त्यात काहीतरी वेगळं घातलं. मला त्याने समजावून सांगितलं ते असं. कॅमेऱ्याच्या आत कंपनीने एक अक्कल भरून दिलेली असते. जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी त्या अकलेवर घरच्या घरी दुसरी अक्कल लिहिली आणि फुकट वाटली. ती कार्डावर घ्यायची, कार्ड कॅमेऱ्यात घालायचं, बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. नीट बसली तर कॅमेरा दुप्पट कामाचा, नाही बसली तर दगड.

शेखर म्हणाले, "कंपनीतल्या इंजिनियरला अक्कल नाही आणि तुला आहे होय? कॅमेरा मेला तर दहाव्याला मला बोलवू नको."

"नाही मरणार, भाऊ. वहिनींनी कपालेश्वराचा अंगारा दिलाय."

खरंच दिला होता मी. कॅमेऱ्याला अंगारा लावणारी मी एकटीच असेन.

कॅमेरा मेला नाही. त्याच्या पाठीवर नवीनच अक्षरं उमटली, इंग्रजी आणि बारीक. हिरामणचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे मराठी शाळेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं डिक्शनरी घेऊन बसायचो. तो एकेक शब्द वहीत मराठीत उतरवायचा. त्यात 'रॉ' असं होतं, त्यापुढे त्याने लिहिलं, 'कच्चं'.

"कच्चं म्हणजे काय रे?"

"वहिनी, नेहमीचा व्हिडिओ म्हणजे हॉटेलातला भात. कॅमेऱ्यानेच शिजवला, त्यानेच मीठ घातलं. आपण नुसता खायचा. हा कच्चा तांदूळ. घरी आणायचा, निवडायचा आणि आपल्याला पाहिजे तसा शिजवायचा."

त्या कच्च्या व्हिडिओच्या खोडी फार होत्या. कार्ड नऊ-दहा मिनिटांत भरायचं. कॅमेरा तापायचा, मग त्याला पदराने वारा घालावा लागायचा. चित्र राखेच्या रंगाचं यायचं, त्यावर गुलाल उडवल्यासारखे गुलाबी ठिपके. ते ठिपके काढून रंग आणायला त्याचा जुना कॉम्प्युटर आख्खा दिवस घ्यायचा. आणि त्याच्या त्या कॅमेऱ्यावर कच्चं घेताना आवाज येतच नसे. चित्र लिहितानाच कार्डाचा जीव जायचा, आवाज कुठला घेणार? आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर लावावा लागे. तो स्टुडिओचा होता आणि आधीच आजारी. त्याच्या माइकची वायर मुडपली होती. कधीही घूं घूं सुरू व्हायची, मध्येच तुटायची, परत सुरू व्हायची. किती लग्नांतले मंगलाष्टकांचे आवाज त्या घूं घूंपायी मी फेकून दिले असतील.

"एवढा कुटाणा कशाला करतोस?" मी एकदा विचारलं.

त्याने मला त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा, व्हिडिओ दाखवला. पाड्यावर अंगणात बसून सूप पाखडत होत्या. दोन मिनिटांचा असेल. त्यांच्या गालावरचं गोंदण, कपाळावरचा घाम, उन्हात तांबूस दिसणारी कातडी, सगळं जिथल्या तिथे.

"आपल्या स्टुडिओतला कॅमेरा आमच्या माणसांना कोळसा करतो," तो म्हणाला. "मग भाऊ त्यांना उजळ करतात, ती पिठाची होतात. हा आईचा रंग आहे, वहिनी. पहिल्यांदाच आला."

नवरीला उजळ करायचं बटण रोज मीच दाबत होते.

त्याला हे सगळं करायचं होतं ते एका गोष्टीसाठी. त्याचे वडील बुधाबाबा थाळीवर गायचे. हे कोकणा आदिवासी लोक, पेठच्या पलीकडच्या डोंगरातले. भात मळून झालं की खळ्यावर नवीन दाण्यांपुढे कणसरीची कथा गातात. कणसरी म्हणजे धान्याची देवी, आपली अन्नपूर्णाच म्हणा. काशाच्या थाळीत मधाच्या पोळ्याचं मेण लावून मधोमध एक लांब काडी उभी करायची आणि ती दोन्ही हातांच्या बोटांनी वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमते. त्या घुमण्यावर कथा गायची. गाणारे त्या भागात आणखी असतील, पण बुधाबाबांची कथा त्यांच्या आज्याकडून आलेली होती, ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती. हिरामणलाही नाही.

"मी आश्रमशाळेत होतो ना," तो म्हणायचा. "तिथं प्रार्थना पाठ झाल्या, आमची राहिली."

बाबांना खोकला होता. वर्षातून एकदाच, नवीन भातापुढेच ते गायचे, एरवी कितीही विनवा. आणि गायचे रात्री. हिरामणचा कॅमेरा अंधारात आंधळा. तेव्हा त्याने बापाला दिवसा गायला सांगितलं. काय भांडण झालं ते त्यानेच मला नकला करून सांगितलं होतं.

"दिवसा कणसरी गायली का कधी कोणी? ती काय रेडिओ हाय?"

"बाबा, अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही."

"मंग त्याचे डोळे पाह्य दवाखान्यात नेऊन."

मग झुंबरबाई मध्ये पडल्या. "गा ना रं. पोरगा दोन साल मागं लागलाय. तिला काय दिवसा ऐकू येत नाय?"

बाबा कबूल झाले. मार्गशीर्षात एका रविवारी, भात खळ्यावर आलं त्या दुपारी, हिरामण कॅमेरा, तीन कार्डं आणि आमचा रेकॉर्डर घेऊन गेला. नवीन वायर त्याने स्वतःच्या खिशातून आणून लावली होती. मला ते माहीत नव्हतं. मला माहीत असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

सोमवारी पहाटेच्या जीपने तो परत आला. आडगावला सकाळचं लग्न होतं, तिथे रेकॉर्डर लागणार होता. दुकानाची एक किल्ली हिरामणकडे असायची. त्याने रेकॉर्डर नेहमीच्या फळीवर ठेवला आणि चित्राची कार्डं घेऊन खोलीवर गेला, कारण रंग आणायला दिवस जाणार होता. आवाज काय, वहिनी उतरवून घेतात. पाच वर्षं मी घेतच होते.

सोमवारी मी आधी कपालेश्वराला जाते. त्या दिवशी गर्दी होती, उशीर झाला. येते तो शेखर दारात उभे. "रेकॉर्डर रिकामा कर लवकर, गाडी उभी आहे." मी हेडफोन घातला, त्याचा एकच कान चालायचा. एक लांबच लांब फाइल होती, कोणाची ते त्या घाईत मनातही आलं नाही. सुरुवात ऐकली. घूंऽऽ. जरा पुढे सरकवलं. घूंऽऽ, मध्येच तुटलं, परत घूंऽऽ. बोलणं नाही, गाणं नाही. शेखरांना म्हटलं, "वायर परत गेली वाटतं, नुसता घूं घूं भरलाय."

"मग फेक ना. बघतेस काय?"

मी फेकलं. दहा सेकंदंही ऐकलं नसेल. हातात देवळातला प्रसाद तसाच होता, पेढ्याने बटण चिकट झालं, ते मी पदराने पुसलं. एवढं मला आठवतं.

बुधवारी हिरामण हार्डडिस्क घेऊन आला. असा हसत मी त्याला कधी पाहिला नव्हता. "वहिनी, बसा. आधी नुसतं बघा, आवाज मग जोडू."

चित्र लागलं. खळ्यावर भाताची रास, त्यावर झेंडूचं फूल. बुधाबाबा फेटा बांधून बसलेले, पुढ्यात थाळी. कलत्या उन्हात काडी सोन्याच्या तारेसारखी थरथरत होती. नखांतलं मेण दिसत होतं. उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं, कोयत्याने गेलेलं. ते बोट काडीवर यायचं आणि हुकायचं, यायचं आणि हुकायचं. बराच वेळ बाबा नुसती काडी ओढत होते, डोळे मिटून. मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलायला लागले. गळ्याची शीर तटतटली. आणि खोलीत आमच्या पंख्याशिवाय कसलाही आवाज नाही.

"आता द्या आवाज," हिरामण म्हणाला.

शेखर काउंटरवरून म्हणाले, "कसला आवाज? त्यात नुसता हम होता. हिने ऐकला, वायर खराब होती. फेकून दिलं."

हिरामण माझ्याकडे वळला. "पण मी नवीन वायर लावली होती."

"लावली असशील, बसवता आली नसेल. कॅमेऱ्यात अक्कल घालायला गेला आणि वायरीत विसरला," शेखर म्हणाले आणि हसले.

हिरामणने मला विचारलं, "वहिनी, हमच होता?"

मी म्हटलं, "हो रे, घूं घूंच होता."

मी खोटं बोलले नाही. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

तो रेकॉर्डर घेऊन एम. जी. रोडला एका माणसाकडे गेला. पुसलेलं परत काढून देतात तिथे. दोन दिवसांनी त्या माणसाने जे काढून दिलं त्यात आडगावच्या बँडची चार गाणी होती आणि कुठल्याशा मावशीचा उखाणा. बाबांच्या फाइलवर लग्न भरून गेलं होतं.

"पुढच्या भाताला गाईन," बुधाबाबा त्याला म्हणाले म्हणे. "तोवर मी कुठं चाललो?" मी रोज दिव्यापुढे त्यांच्यासाठी हात जोडायचे. तेवढा एक मार्गशीर्ष दे, म्हणायचे. बाबा माघात गेले. दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत कामावर असताना छाती भरून आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

दिवसकार्याला मी एसटीने गेले. शेखरांनी पाकीट दिलं आणि शूटिंगला निघून गेले. पाड्यावर माणसं जमली होती. हिरामणने लॅपटॉप भाताच्या पोत्यावर ठेवला आणि बाबांचा व्हिडिओ लावला. बाया पुढे सरकल्या. कोणीतरी हात जोडले. बाबा गात होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

झुंबरबाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. त्यांनी कान लावून पाहिला. मग म्हणाल्या, "तोंड हाय. आवाज कुठं ठेवला रं?"

"वायर नीट लावली नाही मी, आई. माझ्या हातून गेलं."

मागून एक म्हातारी बोलली, "दिवसा गायला लावली. ती रुसली, आवाजही नेला आन् गाणाराही." कोणी तिला गप्प केलं नाही. हिरामणनेही नाही.

गाण्यासाठी लांबून गोटीराम नावाचा माणूस आणला होता. त्याची कथा वेगळी, पण थाळी तीच. त्याने काडी उभी केली, बोटं ओढली.

घूंऽऽ.

हाच आवाज मी हेडफोनच्या एका कानात ऐकला होता. गोटीरामची बोटं पूर्ण होती, त्याची थाळी कुठेही तुटत नव्हती. माझ्या कानातली मध्येच तुटत होती. ते अर्धं बोट काडीवरून कसं हुकायचं ते मी आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी तोपर्यंत मला जोडता आलं नव्हतं. गोटीरामनेही तोंड उघडायला कितीतरी वेळ घेतला. आधी नुसती घुमवून थाळी तापवतात म्हणे, मग देवीला बोलावतात. मी दहा सेकंदांत निकाल लावला होता.

तिथे उठून बोलायला हवं होतं. वायर चांगली होती, पोराची चूक नाही, मी पुसलं. एवढीच तीन वाक्यं. झुंबरबाईंनी माझ्यापुढे नागलीची भाकर आणि उडदाचं बेसन ठेवलं. म्हणाल्या, "खा बाय, लांबून आली." मी खाल्लं. सगळं खाल्लं.

घरी येऊन शेखरांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "आता सांगून म्हातारा उठून बसणार आहे का? लग्नसराई तोंडावर आहे. तो काम सोडून गेला तर तू जाणार आहेस का कॅमेरा घेऊन?"

मी गप्प बसले. शेखरांनी बसवलं असं म्हणायला बरं वाटतं, पण मलाही लग्नसराईच दिसत होती.

हिरामणने ती सगळी लग्नं केली. आमच्या मोठ्या कॅमेऱ्याने, नेहमीच्या पद्धतीने. नवऱ्या पिठासारख्या उजळ. शेखर म्हणायचे, "आता कसा लायनीवर आला!" स्वतःचा कॅमेरा त्याने परत हातात घेतला नाही. आवाज नीट घेता येत नाही त्याने कॅमेऱ्याची एवढी हौस करू नये, असं तो एकदा म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी कार्डं रिकामी करत होते. करतच राहिले.

आषाढात त्याने काम सोडलं. कॅमेरा सटाण्याच्या एका माणसाला विकला. घेणाऱ्याला आत असलं उपरं काही नको होतं, तेव्हा हिरामणने आमच्याच काउंटरवर बसून ती दुसरी अक्कल काढून टाकली आणि कॅमेरा कंपनीचा होता तसा करून दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत. वही मला दिली. "ठेवा, वहिनी. कोणी शिकायला आलं तर." मग तो अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला लागला.

परत मार्गशीर्ष आला. एका सकाळी हिरामण दुकानात आला, हातात नवीन तांदळाची पिशवी. आईने पाठवली म्हणाला. शेखर नव्हते. त्याला चहा दिला. खळ्यावर या साली कोणी गायलं का, मी विचारलं. तो म्हणाला, "मोबाइलवर गाणी लावली."

तांदळाचा वास येत होता. मी पिशवी देवापुढे ठेवायला उचलली आणि ठेवता येईना. पिशवी हातात घेऊनच त्याला सगळं सांगितलं. गोटीरामची थाळी, हेडफोन, दहा सेकंद. वायर चांगली होती, सांगितलं. दहा महिने मला माहीत आहे, तेही सांगितलं.

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग विचारलं, "मध्येच तुटत होतं का? चार वेळा लागोपाठ, मग एकदा तुटायचं?"

"हो. तुटायचं. म्हणून तर मला वायर वाटली."

"बाबांचं बोट," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे नीट आलं होतं."

"अगदी स्वच्छ आलं होतं रे."

तो हसला की काय झालं मला कळलं नाही. चेहरा वाकडा झाला एवढंच. "आईला वर्षभर सांगतोय, माझ्या हातून गेलं. पाड्यावरची पोरं मला वायर म्हणतात. वायर आला, वायर गेला." मग म्हणाला, "आषाढाच्या आधी सांगितलं असतं तर मी कॅमेरा ठेवला असता."

मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर येते, झुंबरबाईंना मी स्वतः सांगते. पाड्यावर सगळ्यांपुढे सांगते.

"नको. आई तुम्हाला परत भाकर वाढेल."

त्याने चहा तसाच ठेवला. उठला, पिशवी माझ्या हातून घेतली, काउंटरवर नीट उभी करून ठेवली, सांडू नये म्हणून तिचं तोंड दुमडलं. सहा वर्षं त्याने मला वहिनीशिवाय हाक मारली नव्हती. दाराशी चपला घालताना वर न बघता म्हणाला, "येतो, मॅडम."